रडू आवरणारी गाणी, आणि आपल्याला येणारं रडू

१९६३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत तीन आठवडे एक जपानी गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. भाषांतर वगैरे नाही, अख्खं गाणं जपानीत. तिकडे ते 'सुकियाकी' या नावानं विकलं गेलं. सुकियाकी म्हणजे गोमांसाचे पातळ काप, भाज्या आणि टोफू समोरच्या पातेल्यात शिजवत शिजवत खायचा पदार्थ. गाण्यात खाण्यापिण्याचं नावसुद्धा नाही. परदेशी जिभेला जमेल असं एखादं जपानी नाव हवं होतं, ते मेनूकार्डावरून उचललं, इतकंच. आपलं एखादं विरहगीत लंडनमध्ये 'पिठलं' म्हणून विकावं, तशातला प्रकार.

गाण्याचं खरं नाव 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे 'वर बघत चालू या'. वर का? तर डोळ्यांत आलेलं पाणी खाली सांडू नये म्हणून. एक माणूस रात्री एकटाच रस्त्यानं चाललाय, रडू आलंय, आणि तो मान वर करून चालतोय. शब्द एइ रोकुसुके यांचे, चाल नाकामुरा हाचिदाई यांची, गायक साकामोतो क्यू. (जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी लिहितेय.) जपानमध्ये ते १९६१ साली आलं. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध १९६० साली मोठी आंदोलनं झाली आणि करार तरीही झालाच. त्या पराभवानंतर मोर्चातून घरी परतताना एइंना हे शब्द सुचले, असं सांगतात. पण चाल ऐका: मजेत भटकायला निघालेल्या माणसाची चाल आहे ती. शेवटी तर गायक चक्क शीळ घालतो.

जपानी रडक्या गाण्यांबद्दल मला जे सांगायचंय ते या एका गाण्यात आलंच आहे. गाणारा रडत नाही. तो रडू आवरतो, आणि त्याचं ते आवरणं ऐकता ऐकता इकडे आपला बांध फुटतो. हे आवरणं सुरांत कसं बसवलेलं असतं, शब्दांत कसं असतं, आणि ते ऐकून रडल्यावर खरंच हलकं वाटतं का, हे बघू.

आधी एक शब्द. जपानीत अशा गाण्यांना 'नाकेरु उता' म्हणतात. 'उता' म्हणजे गाणं. 'नाकु' म्हणजे रडणं, आणि 'नाकेरु' हे त्याचंच पुढचं रूप. शिकवताना त्याचा अर्थ 'रडता येणं' असा सांगतात, पण इथे त्या रूपात आपसूक घडण्याची छटा आहे: न ठरवता, आतून होणारं रडणं. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला हे समजावताना बरीच कसरत करावी लागते. मराठी माणसाला काहीच करावं लागत नाही. आपण 'मी रडले' असं म्हणतो आणि 'मला रडू आलं' असंही म्हणतो, आणि दोन्हींतला फरक पोराटोरांनाही कळतो. रडू येतं, कोसळतं, आवरत नाही. कर्ता तेच असतं, आपण नुसते सापडतो. नाकेरु उता म्हणजे रडू येणारं गाणं. रडवणारं गाणं वेगळं, ते ढकलतं.

दुसरा शब्द 'सेत्सुनाई'. छातीत काहीतरी आवळल्यासारखं होतं, पण ते निव्वळ दुःख नसतं, त्यात गोडवाही असतो. 'हुरहूर' त्याच्या जवळ जातो, फक्त हुरहुरीपेक्षा सेत्सुनाईची पकड घट्ट.

आता सूर. पेटी असेल तर काढा, नसेल तर फोनवर कीबोर्डचं अ‍ॅप चालेल.

मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, जपाननं शाळांमध्ये पाश्चात्य संगीत आणलं. सात सुरांना त्यांनी आपल्या मोजणीतली नावं दिली: हि, फु, मि, यो, इ, मु, ना. पण जपानी कानाला पाच सुरांची सवय. मग चौथा आणि सातवा सूर गाळलेली सप्तकं रूढ झाली. त्यांना म्हणतात 'योनानुकी', म्हणजे 'यो' आणि 'ना' काढून टाकलेलं. गाणं शिकलेल्या कुणाही मराठी माणसाला एव्हाना हसू आलं असेल: मध्यम आणि निषाद वर्ज्य. सा रे ग प ध. आपला भूप राग! हा योगायोग आहे, कुणी कुणाकडून घेतलेला नाही. आणि भूप म्हणजे नुसते पाच सूर नव्हेत हेही खरं. पण 'वर बघत चालू या'ची मुख्य चाल आपल्याला पहिल्या ऐकण्यातच घरची वाटते, त्यामागे हे पाच सूर आहेत.

योनानुकीचा दुसरा, उदास भाऊ आहे. त्यात गंधार आणि धैवत कोमल: सा, रे, कोमल ग, प, कोमल ध. शिवरंजनी म्हणा आणि धैवत तेवढा कोमल करा. कोमल धैवतावरून पंचमावर उतरताना जो सुस्कारा ऐकू येतो, त्यावर 'एन्का' नावाचा जुन्या वळणाचा गानप्रकार अर्धशतकाहून जास्त काळ उभा आहे. कोगा मासाओ यांनी १९३१ मध्ये चाल लावलेल्या एका प्रसिद्ध गाण्याचं नावच 'साके (जपानी दारू) म्हणजे आसवं की सुस्कारे' असं आहे. एन्कातले गायक सूर सरळ लावत नाहीत, त्याला बारीक कंप देऊन वळवतात. त्या हरकतींना 'कोबुशी' म्हणतात. विषय ठरलेले: बंदर, बर्फ, दारूचा गुत्ता, उत्तरेकडे जाणारी गाडी, सोडून आलेलं माणूस.

इशिकावा सायुरी यांचं १९७७ चं 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' हे त्यातलं मुकुटमणी. नावाचा अर्थ 'त्सुगारु सामुद्रधुनीचं हिवाळी दृश्य'. तोक्योच्या उएनो स्थानकावरून निघालेली रात्रीची गाडी आओमोरीला पोचते. बर्फ पडतंय. गावी परतणाऱ्या गर्दीत कुणी एक शब्द बोलत नाही, नुसती समुद्राची गाज. एक बाई एकटीच सामुद्रधुनीपलीकडच्या होक्काइदो बेटाच्या बोटीत चढते. एन्कात रडायला मुभा असते, त्यामुळे ही बाई रडते. पण ती कुणाला सोडून आली, काय झालं, याचा पत्ता लागत नाही. आपल्याला दिसतात ते थंडीनं गारठलेले समुद्रपक्षी. ती बोट आता नाही. १९८८ च्या मार्चमध्ये समुद्राखालून रेल्वेचा बोगदा सुरू झाला आणि आओमोरी-हाकोदाते बोटसेवा बंद झाली. गाणं मात्र ३१ डिसेंबरच्या रात्री एनएचकेवरच्या (जपानच्या सार्वजनिक वाहिनीवरच्या) गाण्यांच्या मोठ्या कार्यक्रमात अजूनही अनेकदा गायलं जातं.

पुढे पिढी बदलली, पियानो आणि गिटार आले, पाच सुरांचे पुन्हा सात झाले. पण रडू आवरण्याची युक्ती स्वरमेळांत जाऊन बसली. पेटीवर पांढरी एकला सा धरा. आता हे चार स्वरमेळ, प्रत्येकात तीन पट्ट्या एकदम, सावकाश दाबा (अनुस्वार असलेला सूर वरच्या सप्तकातला):

म-ध-सां, प-नि-रें, ग-प-नि, ध-सां-गं.

सा-ग-प हा या सप्तकाचा घरचा मेळ. दुसऱ्या मेळाला, प-नि-रेंला, आल्यावर कान अधीर होतो: चला, आता घरी. निषादाला सा हवाच असतो. पण तिसरा मेळ ग-प-नि येतो. यात घरातले दोन सूर आहेत, ग आणि प, फक्त सा च्या जागी तो निषाद तसाच तिष्ठत उभा. म्हणजे घराचं अंगण दिसलं, दाराला कुलूप. मग चौथा मेळ, सा असलेला पण तळाला धैवत ठेवून उदास झालेला. आणि पुन्हा पहिल्यापासून. चाल फिरत राहते, घरी जातच नाही. जपानी संगीतकार या क्रमाला 'ओदो शिंको' म्हणतात, म्हणजे राजमार्ग, इतका तो तिथे वापरून गुळगुळीत झालेला आहे. प्रेमगीतात सापडेल, अ‍ॅनिमेच्या शीर्षकगीतात सापडेल.

पण नुसत्या स्वरमेळांनी कुणी रडत नाही हेही सांगून ठेवते. १९८७ चं 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप' नावाचं ब्रिटिश नाचगाणं, इंटरनेटवर लोक एकमेकांना फसवून ऐकवतात ते, याच क्रमावर बांधलेलं आहे. ते ऐकून कुणी टिपं गाळल्याचं ऐकिवात नाही.

फरक पडतो तो मांडणीनं. जपानी पॉप गाण्याच्या ध्रुपदाला 'साबी' म्हणतात. त्याआधी दोन टप्पे असतात, ए-मेलो आणि बी-मेलो. पहिला जवळजवळ बोलल्यासारखा, खालच्या पट्टीत. दुसरा जरा वर सरकतो, पण ताण सोडत नाही. मग साबी. साधारण दोनदा हे झालं की शेवटच्या साबीआधी बरीच गाणी एक गोष्ट करतात: ढोल थांबतात, सगळी वाद्यं गप्प, एकटा पियानो आणि गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येईल इतका हळू आवाज. याला 'ओचिसाबी' म्हणतात, खाली उतरलेलं ध्रुपद. तुम्ही तेच शब्द तिसऱ्यांदा ऐकत असता, पण आता आधाराला काही नसतं. मग सगळी वाद्यं एकदम परततात, कधी पट्टीही अर्ध्या सुरानं वर जाते. माझं स्वतःचं रडू बहुतेकदा ओचिसाबीत येतं, मोठ्या आवाजात नव्हे.

यात मी एकटी नाही, असं दिसतं. दोन जपानी संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाणं ऐकताना अंगावर येणारा काटा आणि येणारं रडू हे दोन वेगळे प्रकार म्हणून तपासले. लोकांना त्यांचीच आवडती गाणी ऐकवली. काटा आणणारी गाणी आनंदी किंवा दुःखी कशीही असत. रडू आणणारी गाणी दुःखी आणि शांत असत. काटा येताना शरीर उत्तेजित होत होतं, रडू येताना श्वास संथ होत होता. म्हणजे रडू हा शरीराचा निवण्याचा मार्ग, भडकण्याचा नव्हे.

शब्दांकडे येऊ, कारण खरी कारागिरी तिथे आहे.

मघाशी मी 'लिहितेय' असं लिहिलं आणि मी बाई आहे हे तुम्हाला कळलं. मराठी क्रियापद चहाडी करतं: गेलो, गेले, गेलास, गेलीस. जपानी क्रियापद यातलं काहीच सांगत नाही. कोण गेलं, एक की अनेक, बाई की पुरुष, मी की तू, काही नाही. सर्वनाम घातलं तर कळतं, पण ते बहुतेक वेळा गाळतात. त्यामुळे विरहाच्या गाण्यात कोण कुणापासून दुरावलंय ती जागा मोकळी राहते. प्रियकर असेल, आई असेल, मेलेलं कुत्रंही असेल. ऐकणारा आपलं माणूस तिथे आणून बसवतो.

'नादा सोसो' हे त्याचं उत्तम उदाहरण. नाव जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांच्या बोलीतलं, अर्थ 'आसवं घळाघळा'. चाल इशिगाकी बेटावरच्या बिगिन या बँडची, शब्द मोरियामा र्‍योको यांचे, आणि त्याच बेटावरच्या नात्सुकावा रिमी यांनी २००१ मध्ये गायल्यावर ते घरोघरी पोचलं. मोरियामांनी ते आपल्या तरुणपणीच गेलेल्या भावासाठी लिहिलं. पण गाण्यात भाऊ हा शब्द नाही, मरणाचा उल्लेख नाही. जुन्या फोटोंचा अल्बम उघडणं, पुटपुटल्यासारखं 'आभार' म्हणणं, संध्याकाळची पहिली चांदणी. लग्नातही लोक हे गाणं म्हणतात. कुणाला वावगं वाटत नाही.

योनेझु केन्शी यांचं 'लेमन' २०१८ चं, एका टीव्ही मालिकेसाठी केलेलं. मालिका संशयास्पद मृत्यूंच्या शवविच्छेदनाची. गाणं लिहीत असतानाच त्यांचे आजोबा गेले. बिलबोर्ड जपानच्या वार्षिक यादीत ते २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षं पहिलं आलं. मृत्यूवरचं गाणं, आणि हाती काय ठेवलंय, तर लिंबाचा कडवट वास.

पण एकच गाणं जवळून बघायचं असेल तर मी 'तोइरे नो कामिसामा' निवडेन. उएमुरा काना, २०१०. नावाचा अर्थ 'संडासातला देव'. हसलात? मीही हसले होते. गाणं जवळजवळ दहा मिनिटांचं आहे आणि हसू फार टिकत नाही.

एक मुलगी तिसरीपासून आजीकडे राहते. आईवडिलांचं घर शेजारीच, तरी आजीकडे. घरातली सगळी कामं ती करते, संडास धुवायचा तेवढा कंटाळा. म्हणून आजी सांगते की संडासात एक सुंदर देवी असते, रोज नीट घासलास तर तूही तिच्यासारखी सुंदर होशील. मुलगी घासायला लागते. दोघी पाच सोंगट्यांचा खेळ खेळतात, बाजारात गेल्या की बदकाच्या मांसाचे नूडल्स खातात. एकदा आजी टीव्हीवरचं विनोदी नाटक रेकॉर्ड करायला विसरते तर नात रडून तिच्यावर राग काढते. नात मोठी होते, खटके उडतात, ती सुटीतही घरी थांबत नाही, मग तोक्योला निघून जाते. दोन वर्षांनी आजी दवाखान्यात. नात भेटायला येते आणि मुद्दाम लहानपणासारख्या आवाजात 'आले गं' म्हणते. थोडंसं बोलणं होतं न होतं, तोच आजी म्हणते, जा आता घरी, आणि तिला खोलीबाहेर घालवते. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी जाते.

कुठेही 'मला किती दुःख झालं' हे नाही. चाल शांत, गिटारवर गुणगुणल्यासारखी. रडवतं काय, तर ते रेकॉर्ड न झालेलं नाटक आणि 'जा आता घरी'. ज्यांची आजी दवाखान्यात 'तुझी गाडी चुकेल, निघ' म्हणालीय त्यांना हे वेगळं समजवायला नको. २०१० च्या ३१ डिसेंबरला एनएचकेच्या त्या कार्यक्रमात गाणं गायलं गेलं.

मार्च महिना हाही एक कारखानाच आहे या गाण्यांचा. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं, एप्रिलमध्ये नवं सुरू होतं, आणि अनेक भागांत चेरीचा बहर नेमका या दोहोंच्या सांध्यावर येऊन आठवड्याभरात गळतो. निरोप समारंभाची गाणी हा तिथे स्वतंत्र प्रकार. अँजेला आकी यांचं 'तेगामी', म्हणजे पत्र, २००८ मध्ये एनएचकेच्या शालेय समूहगान स्पर्धेत माध्यमिक गटासाठी नेमलेलं गाणं होतं: पंधरा वर्षांचं पोर मोठेपणीच्या स्वतःला पत्र लिहितं आणि मोठेपणीचं माणूस उलट उत्तर देतं. वर्गच्या वर्ग ते गाता गाता रडतात. दुसऱ्याला रडताना बघून आपल्याला येणाऱ्या रडण्याला जपानीत 'मोराइनाकी' म्हणतात, शब्दशः 'मिळालेलं रडू'.

या मिळालेल्या रडण्यावरच पुढे एक रीत निघाली. तिचं नाव 'रुइकात्सु'. जपानीत नोकरी शोधण्याच्या धडपडीला शूकात्सु, लग्न जमवण्याच्या धडपडीला कोंकात्सु म्हणतात. त्याच चालीवर आसवांची मोहीम ती रुइकात्सु. २०१३ पासून तेराई हिरोकी यांनी तोक्योत तिच्या बैठका भरवायला सुरुवात केली. हे गृहस्थ त्याआधी घटस्फोटाचे समारंभ भरवत. नवराबायको मिळून लग्नाच्या अंगठीवर हातोडा मारायचे. बैठकीत अनोळखी माणसं एका खोलीत बसतात, छोट्या फिती बघतात, पत्रं वाचतात, गाणी ऐकतात आणि रडतात. मग घरी जातात. चारचौघांत भावना दाखवू नयेत, दुसऱ्याला आपल्या दुःखाचा त्रास होऊ नये, हे जिथे लहानपणापासून अंगात मुरवलेलं असतं, तिथे रडायलाही वेळ आणि जागा नेमून घ्यावी लागते. आपल्याकडे सांत्वनाला आलेल्या बायका गळ्यात पडून रडू मोकळं करून देत, मुलगी सासरी निघाली की अख्खा मांडव रडे. ज्यांचं ते सुटलं आणि नवं काही आलं नाही, अशा आपल्या शहरी माणसांना रुइकात्सु ऐकून हसू येतं, मग जरा हेवाही वाटतो.

आता शेवटचा प्रश्न, याचा उपयोग होतो का?

जपानमध्येच २०१३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात लोकांना उदास संगीत ऐकवलं. ऐकणाऱ्यांना संगीत जितकं दुःखी वाटलं, तितकं दुःख त्यांना स्वतःला झालं नाही; उलट थोडी गोड भावनाही जाणवली. दुःख ओळखणं आणि दुःख होणं या दोन गोष्टी आहेत. आपल्या रसशास्त्राला हे जुनंच माहीत आहे. 'एको रसः करुण एव', म्हणजे रस एकच आणि तो करुण, असं म्हणणारा भवभूती तर विदर्भातला. गाण्यातलं दुःख आपल्या घरी मुक्कामाला येत नाही, म्हणून त्याला निर्धास्त दार उघडता येतं.

रडल्यानं शरीरातली विषारी द्रव्यं निघून जातात, असं जे फिरतं, त्याला मात्र धड पुरावा नाही. रडून बरं वाटणं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून असतं: शेजारी समजून घेणारं माणूस असलं, रडण्याची लाज वाटली नाही, तर बरं वाटतं, लपूनछपून, अपराधी वाटत रडलं तर नाही. आणि आठवडेच्या आठवडे मन उदास असेल, कशात रस वाटत नसेल, तर गाण्यांची यादी नको, डॉक्टर हवा.

आणखी एक गंमत. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लोकांना करुण चित्रपट दाखवले आणि रडलेल्यांची मनःस्थिती नंतर तीनदा मोजली. रडून झाल्याबरोबर त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. वीस मिनिटांनी मन पूर्वपदावर आलं. दीड तासानं मात्र त्यांना चित्रपटाआधी होतं त्याहून बरं वाटत होतं. हा अभ्यास चित्रपटांवरचा आहे, गाण्यांवरचा नाही, पण मी त्यावरून स्वतःपुरतं वेळापत्रक लावलंय. रात्री अंथरुणात पडून ही गाणी ऐकायची नाहीत. वाईट वाटत असतानाच झोप लागते आणि सकाळी डोळे सुजतात. संध्याकाळी सातला ऐकायची. पहिल्यांदा अर्थ न बघता, दुसऱ्यांदा अर्थ समोर ठेवून. संडासातल्या देवाची दहा मिनिटं हातात भाजी निवडायला न घेता, नुसतं बसून. साडेसातला तोंड धुवायचं, कुकर लावायचा. नऊच्या सुमाराला जेवायला बसलं की वरणभाताची चव नेहमीपेक्षा बरी लागते.